हालिनामावशीची लेबलं

आयर्लंडमधल्या, डब्लिन विमानतळाजवळच्या स्वोर्ड्स गावातल्या आमच्या घरात गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट होतं. तिकडे त्याला हॉट प्रेस म्हणतात. टाकीच्या वरच्या फळ्यांवर चादरी, टॉवेल आणि बाबांचे बनियन उबेला ठेवलेले असत, आणि ज्या दिवसांबद्दल मी लिहिते आहे त्या दिवसांत टॉवेलांच्या थरांमध्ये गवत वाळत असे. साधं, रस्त्याकडेचं, कुणाच्याही बुटाखाली येईल असं गवत. ते वर्तमानपत्राच्या घड्यांत घालून, दोन फळकुटांमध्ये पट्ट्यानं आवळून ठेवलेलं असे. आमच्या टॉवेलांना तेव्हा गोठ्याचा वास यायचा. एकदा ऑफिसच्या मीटिंगमध्ये शेजारच्या माणसानं बाबांच्या कानामागून एक कुसळ काढून त्यांच्या हातात दिलं. बाबांनी ते पाकिटात घालून घरी आणलं, कारण तोवर आम्हाला कळून चुकलं होतं की एक कुसळ जरी हरवलं तरी हालिनामावशी कपाटात डोकं घालून ते शोधत बसते.

हालिनामावशी आमच्या वरच्या छोट्या खोलीत भाड्यानं राहायची. बाई पोलंडची, वय साठीच्या अलीकडचं, केस स्वतःच्या हातानं आणि बहुतेक आरशाशिवाय कापलेले. तिकडच्या एका विद्यापीठात तिनं पंचवीस वर्षं गवतं शिकवली होती. मग तो विभाग दुसऱ्या विभागात मिसळला, आणि मिसळताना गवतं तेवढी बाहेर राहिली. मुलगी कामासाठी आयर्लंडला आली म्हणून ही तिच्या मागोमाग आली. वर्षभरात मुलगी कॅनडाला गेली आणि ही राहिली. विमानतळावर प्रवाशांच्या जेवणाचे ट्रे धुण्याच्या कारखान्यात ती पहाटेची पाळी करायची. दुपारी दोनला घरी आली की हातांना मलम चोळायची, कारण त्या साबणानं बोटांना भेगा पडत, आणि मग भिंग घेऊन बाहेर पडायची. डॉक्टरेट झालेली बाई ट्रे धुते याचं आईला इतकं वाईट वाटायचं की ती तिला स्वतःचं ताटसुद्धा विसळू द्यायची नाही. हालिनामावशीला मात्र त्यात काही विशेष वाटत नसे. ती म्हणायची, "ट्रे स्वच्छ होतो. विद्यार्थी नेहमी होत नाही."

तिचं इंग्रजी आणि आईचं इंग्रजी, दोन्ही उसनं होतं, त्यामुळे दोघींचं छान जमायचं. आई तिला ताई म्हणायची, ती आईला मिसेस सुनंदा म्हणायची. स्वयंपाकघरात ती आली की आधी ताटातल्या प्रत्येक पदार्थाचं कूळ विचारायची. जिरे, धणे, ओवा, बडीशेप आणि हिंग ही सगळी गाजराचीच भावकी आहे हे तिनं सांगितलं, तेव्हा आईनं मिसळणाच्या डब्याकडे असं पाहिलं की जणू त्यातल्या मंडळींनी इतकी वर्षं आपलं नातं तिच्यापासून लपवून ठेवलं होतं. कढी तिला फार आवडायची. त्यांच्याकडेही असंच आंबट सार असतं म्हणे, फक्त त्यात अंडं घालतात. आई म्हणाली, "घाला हवं तर, पण माझ्यासमोर नको." एकदा आईच्या मोहरीत तिला भिंगातून एक परकं बी सापडलं. आईला वाटलं बाई आपल्या निवडण्याला नावं ठेवते आहे. दोन दिवस अबोला. मावशीनं मात्र ते बी एका चिमुकल्या पाकिटात घालून वर लिहिलं होतं: स्वोर्ड्स, एक स्वयंपाकघर, मोहरीच्या डब्यातून. पाकीट पाहून आईचा राग गेला. आपल्या स्वयंपाकघराची नोंद आयर्लंडमध्ये आजवर कुणी घेतली नव्हती, असं ती म्हणाली.

लेबल हा हालिनामावशीचा धर्म होता. दुसरा होता की नाही मला माहीत नाही. नमुना वाळला की जाड कागदावर चिकटवायचा आणि उजव्या कोपऱ्यात खाली लेबल लावायचं: नाव, गाव, नेमकी जागा, माती कसली, कुणी तोडलं, कधी, आणि झाड तिथे आपसूक आलं की कुणी आणलं. ती म्हणायची, "लेबल आहे तर विज्ञान. लेबल नाही तर चारा." आणि एक नियम पक्का. एकदा लावलेलं लेबल काढायचं नाही. चूक निघाली तर शेजारी दुसरं लावायचं आणि पहिलं तसंच राहू द्यायचं. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. पुण्याच्या शाळेत सुलेखनाचं बक्षीस मिळवून आलेली, आणि आयर्लंडमध्ये त्या बक्षिसाचा काडीचा उपयोग नसलेली. मावशीचं स्वतःचं अक्षर तिला स्वतःलाही वाचता येत नसे. त्यामुळे लेबलं लिहायचं काम माझ्याकडे आलं. शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर आम्ही बसायचो. ती सांगायची, मी काळ्या शाईनं लिहायचे. डोक्यावरून विमानं जायची. आमच्या घराचा एक रिवाज होता: विमान आलं की वाक्य जिथे असेल तिथे सोडायचं, आणि गेलं की तिथूनच पुढे बोलायचं. पाहुण्यांना वाटायचं आम्हाला काही आजार आहे.

आता दूर्वांकडे येते. त्यासाठी मावशी येण्याच्या आधीच्या वर्षात जावं लागेल. आयर्लंडमध्ये गवत मुबलक, पण दूर्वा नाहीत. पहिली काही वर्षं आईनं गणपतीला मागच्या अंगणातल्या लॉनची पाती वाहिली, आणि दर वेळी देवापाशी कान धरले. मग एका सुट्टीत ती साताऱ्याला मामाकडे गेली आणि तिथल्या अंगणातल्या दूर्वा मुळांसकट, मातीसकट उपटून, ओल्या रुमालात गुंडाळून, स्टीलच्या डब्यात घालून पर्समधून घेऊन आली. बाबांना हे विमानतळावर, सामानाची वाट पाहताना कळलं. बाबांचे नागरिकत्वाचे कागद त्याच महिन्यात सरकारदरबारी गेले होते. परदेशची माती गुपचूप आणणं हा गुन्हा आहे हे ते आईला कुजबुजत सांगत होते आणि आई म्हणत होती, "माती कुठे आणली? मुळांना लागली आहे ती." तपासनीसानं आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. घरी आल्यावर आईनं मला आणि माझ्या धाकट्या भावाला, अर्णवला, बजावलं की ही गोष्ट बाहेर कुठे बोलायची नाही. अर्णव म्हणाला, "हू वुड आय टेल, आई? इट्स ग्रास." तो तेव्हापासूनच मराठीत ऐकायचा आणि डब्लिनमध्ये उत्तर द्यायचा.

त्या दूर्वा स्वयंपाकघराच्या खिडकीत एका कुंडीत लावल्या. त्या वर्षीच्या गणपतीला एकवीस दूर्वांची खरीखुरी जुडी मिळाली आणि आईचा चेहरा दहा दिवस उजळलेला होता. मग थंडी आली आणि कुंडी तपकिरी पडली. फेब्रुवारीत आईनं हात टेकले. बाबा म्हणाले, ब्राऊन बिनमध्ये टाक, तो बागेतल्या कचऱ्यासाठीच असतो. आईनं त्यांच्याकडे बघितलं. देवाची दूर्वा बटाट्याच्या सालींबरोबर जाणार नव्हती. ती वाहत्या पाण्यातच जाणार होती, आणि नेणार होते मी. आईनं माती-मुळांची पिशवी माझ्या सायकलला अडकवली आणि सांगितलं, नदीच्या पुलावरून सोड, मध्यावर, नमस्कार कर आणि मागे वळून बघू नकोस.

पिशवी जड होती. वारा समोरून होता. आणि पुलावरच्या बस थांब्यावर माझ्या वर्गातल्या चार मुली उभ्या होत्या. त्या चौघींसमोर पिशवीतून माती नदीत ओतून हात जोडणं मला शक्य नव्हतं. आज माझी मुलगी त्या वयाकडे निघाली आहे, तिला मी सांगते की लोक काय म्हणतील याचा विचार करू नये. सांगायला सोपं असतं. मी पूल ओलांडला, खाडीच्या काठानं पुढे गेले, आणि होड्या उतरवायच्या उताराजवळ एक पडकी दगडी भिंत आहे, तिच्या मागे, वाळूत, पिशवी उलटी केली. नमस्कार केला. तेवढं प्रामाणिकपणे केलं. घरी आल्यावर आईनं विचारलं, "वाहत्या पाण्यात ना?" मी म्हणाले, "हो."

पुढच्या शरद ऋतूत हालिनामावशी राहायला आली. कुंडीत तोवर कोथिंबीर होती.

ती आल्यानंतरच्या ऑगस्टमधली दुपार मला अजून दिसते. आई कुकर लावत होती. मावशी दारातून आली ती रेनकोट न काढता थेट टेबलाशी, आणि तिनं जेवणाचा डबा माझ्यासमोर उघडला. आत एक गवत होतं. चिमणीच्या पायासारखा पसरलेला फुलोरा, खाली सरपटणारी बारीक कांडी. तिनं त्याचं लॅटिन नाव उच्चारलं, आणि मी त्या बाईला इतकी वर्षं ओळखत होते, पण तिचा आवाज थरथरलेला मी फक्त तेव्हा ऐकला. हे उबदार देशांतलं गवत, ती म्हणाली. इथे या किनाऱ्यावर रानात वाढल्याची नोंद तिच्या कुठल्याच पुस्तकात नव्हती. ते आपसूक आलं असेल, समुद्रानं आणलं असेल, तर हवा बदलते आहे याची ती खूण ठरणार होती. डब्लिनमधल्या एका वनस्पतिसंग्रहात नमुने चिकटवायची, नोंदवायची जागा निघणार होती, आणि महिनाभरात मुलाखती होत्या. तीन वेळा अर्ज करून तिला तीन वेळा सभ्य नकार आला होता. "आता," ती म्हणाली, "त्यांना माझं तोंड बघावं लागेल."

मग ती लेबल सांगू लागली आणि मी लिहू लागले. गवताचं नाव. स्वोर्ड्स. खाडीचा उत्तर काठ. होड्यांच्या उताराजवळ, पडक्या दगडी भिंतीमागे, दक्षिणेकडे तोंड असलेली वाळू.

माझं पेन तिथे थांबलं. शाईचा एक ठिपका पडला, तो अजून आहे.

"आता शेवटची ओळ," मावशी म्हणाली. "अनघा, तू इथली आहेस. तिथे कुणी हे लावलं असेल का? कुणी टाकलं असेल? मला विचारलंच पाहिजे."

आई पाठमोरी होती. कुकरची शिट्टी व्हायची होती. खरं सांगायचं तर आईला कळणार की मी तिच्याशी खोटं बोलले. मावशीला कळणार की तिचं गवत साताऱ्याच्या मामाच्या अंगणातलं आहे. आणि बाहेर कळणार की आम्ही पर्समधून माती आणली, आणि बाबांच्या कागदांवर अजून शिक्का उमटलेला नव्हता. एवढा सगळा विचार मी केला असं आज मला वाटतं. तेव्हा बहुतेक मी नुसतीच घाबरले होते. मी म्हणाले, "नाही." आणि माझ्या बक्षीसपात्र अक्षरात लिहिलं: आपसूक आलेलं.

मावशी एका हौशी मंडळाची सभासद होती. रविवारी सगळ्यांनी मिळून कुठेतरी चिखलात जायचं आणि वाकून बघायचं, असं ते मंडळ. अध्यक्ष होते मिस्टर डेक्लन, गणिताचे निवृत्त शिक्षक, अतिशय सज्जन, आणि त्या वनस्पतिसंग्रहाच्या प्रमुखांचे जुने मित्र. त्यांनी ठरवलं की सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी मंडळानं ते गवत पाहायला जायचं. मावशीनं आम्हालाही मानाचं आमंत्रण दिलं. आईनं तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या, कारण माणसं बाहेर उभी राहणार म्हणजे त्यांना भूक लागणार. मी पोट दुखतंय म्हणून पाहिलं. आईनं ओवा दिला आणि गाडीत बसवलं.

पाऊस भुरभुरत होता. भिंतीमागे बाराएक माणसं रेनकोट घालून गुडघ्यांवर बसली होती आणि एकेक करून भिंग लावून पाहत होती. आमच्या कुंडीतलं तेवढंसं गवत दीड वर्षात चांगलं सतरंजीएवढं पसरलं होतं. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मिस्टर डेक्लननी मंडळाच्या वतीनं चार शब्द बोलायला घसा साफ केला, आणि तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, "अगं बाई! दूर्वा!"

आईनं चपला काढल्या. दोन माणसांच्या मधून ती पुढे आली, वाळूत मांडी घालून बसली, हात जोडले, आणि खुडायला लागली. गणपती चार दिवसांवर होते. दूर्वा दिसल्यावर खुडायच्या नाहीत तर काय करायचं, हा प्रश्न तिच्या मनात येणंच शक्य नव्हतं. तीन पात्यांचे कोवळे कोंब, अंगठा आणि तर्जनी, इतक्या वेगानं की बारा वनस्पतिप्रेमींना काय चाललंय ते कळेपर्यंत एक जुडी झालीसुद्धा. कुणीतरी हळूच विचारलं, "इज शी ऑलराइट, द पुअर वुमन?" अर्णव म्हणाला, "शीज ग्रँड. इट्स फॉर अ गॉड." बाबा आकाशाकडे पाहत होते. तिथून एक विमान अगदी वेळेवर चाललं होतं, पण ते त्यांना घेऊन जाऊ शकत नव्हतं.

विमान गेल्यावर हालिनामावशी आईशेजारी बसली. मला वाटलं आता ती ओरडेल. ती आईची बोटं बघत होती. "मिसेस सुनंदा," ती म्हणाली, "फुलोऱ्याचे तुम्ही घेत नाही?"

"फुलोरा आलेली चालत नाही देवाला," आई म्हणाली. "कोवळीच लागते."

त्या नियमामुळे आयर्लंडची ती नोंद वाचली. अभ्यासाला लागतो तो फुलोरा सगळा जागेवर होता. मिस्टर डेक्लन म्हणाले, "वेल, दॅट्स अ फर्स्ट." मग सगळ्यांनी पुऱ्या खाल्ल्या.

गाडीत आई पुढच्या सीटवर जुडी ओल्या रुमालात धरून बसली होती. मावशी मंडळाबरोबर मागे राहिली होती. आई माझ्याकडे वळून म्हणाली, "अनू, आपलीच आहे गं ती. मला पातं ओळखू येतं. तू वाहत्या पाण्यात सोडलीस ना, म्हणून बाप्पानं परत पाठवली. फक्त ताईंना सांगू नको हां, उगाच त्या मातीचं निघेल." मी खिडकीबाहेर पाहत राहिले. मी आजवर पुष्कळ शिव्या खाल्ल्या आहेत, ऑफिसात, घरात, एकदा कोर्टातसुद्धा, पण त्या शाबासकीइतकं मला काही लागलेलं नाही.

गणपती आले. आईनं दूर्वा वाहिल्या. हालिनामावशी आरतीला टाळ घेऊन उभी राहिली. ती ताल अचूक धरायची, फक्त तो दुसऱ्याच कुठल्या तरी गाण्याचा असायचा. आरती झाल्यावर आईनं तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "तुम्ही शोधून दिलीत." मावशी म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी मुलाखत झाली की मीही त्यांचे आभार मानीन," आणि मखराकडे पाहून मान लववली. मी प्रसादाच्या वाट्या गोळा करायला आत गेले आणि बराच वेळ आतच राहिले.

मुलाखतीची तयारी आम्ही तिच्या दोन दिवस आधी, बुधवारी दुपारी केली. मी मुलाखत घेणारी, ती देणारी. तिनं प्रश्न कागदावर लिहून दिले होते. आई आत उकडीच्या मोदकांना कळ्या पाडत होती. आम्ही बरंच पुढे गेलो. तुमचा अनुभव काय, तुम्ही संगणक वापरता का, पाठीचा काही त्रास. मग मी पुढचा प्रश्न वाचला: हे गवत आपसूक आलं हे तुम्ही कशावरून म्हणता?

हालिनामावशी ताठ बसली. भेगाळलेले हात टेबलावर ठेवून, पाठ केलेल्या इंग्रजीत तिनं सांगितलं, "कारण मी जागा पाहिली, जवळपास बाग नाही हे तपासलं, आणि जी तिथे राहते, जिच्यावर माझा विश्वास आहे, तिला विचारलं." आणि मग मुलाखत सोडून माझ्याकडे पाहून हसली. "म्हणजे तू."

मी म्हणाले, "मावशी, ते गवत..." आणि विमान आलं.

आमच्या रिवाजाप्रमाणे सगळे थांबले. मावशी थांबली, आत आईच्या हातातला मोदक थांबला. इतकं सावकाश गेलेलं विमान मी नंतर पाहिलेलं नाही. वाक्य कुठेही वळवायला मला पुरेसा वेळ होता. ते गवत किती सुंदर आहे, असं म्हणता आलं असतं. विमान गेलं आणि मी तिथूनच पुढे म्हणाले, "मी टाकलंय."

मग सगळं सांगितलं. पिशवी, वारा, त्या चार मुली, भिंत. मी रडत होते आणि मराठी-इंग्रजी एकत्र बोलत होते, त्यामुळे दोघींना निम्मं निम्मं कळलं असावं, पण दोघींचे निम्मे मिळून पूर्ण झालं. आई पिठाचे हात तसेच घेऊन दारात उभी होती. मावशी उठून वर गेली. तिच्या खोलीचं दार वाजलं. मला वाटलं, संपलं.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात तो कागद होता, गवत चिकटवलेला, आणि एक कोरं लेबल. ते माझ्यासमोर ठेवून तिनं शाईच्या बाटलीचं झाकण उघडलं.

"कुठल्या देशातून?" तिनं विचारलं.

मी आईकडे पाहिलं. बाबांचे कागद अजून आले नव्हते. आई मखराकडे बघत होती, म्हणजे मला वाटलं मखराकडे. नंतर तिनं सांगितलं की ती बाबांच्या फोटोकडे बघत होती. हे लेबल पोलिसांकडे जात नाही, मावशी तिला म्हणाली, ते एका कपाटात जातं. पण ते खरं असावं लागतं.

"लिही," आई म्हणाली. "भारत. सातारा. माझ्या भावाचं अंगण. आणि आणलं कुणी, तर सुनंदा. पर्समधून. स्पेलिंग नीट कर."

मी लिहिलं. कुणी टाकलं, तिथे माझं नाव लिहिलं. का टाकलं असंही मावशीनं विचारलं, आणि थोडा विचार करून सांगितलं: धार्मिक कारणानं, वाहत्या पाण्याऐवजी, संकोचामुळे. मग तिनं ते दुसरं लेबल पहिल्याच्या शेजारी चिकटवलं. पहिलं काढलं नाही. आईनं गॅस बंद केला, माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग मला जवळ घेतलं. माझ्या युनिफॉर्मवर पिठाचे दोन्ही पंजे उमटले. संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी नऊ मोदक खाल्ले आणि म्हणाले, "शेवटी खरं बोलली ना? मग झालं तर." पुढे त्यांचे कागद यथावकाश आले. दूर्वांबद्दल कुणी चकार शब्द विचारला नाही.

मावशीनं त्याच दिवशी मिस्टर डेक्लनना पत्र लिहून नोंद मागे घेतली. शुक्रवारी मुलाखतीला ती गेली. माणसं फार छान होती, ती म्हणाली, चहा दिला, पावसाबद्दल बोलली, कळवतो म्हणाली. आयर्लंडमध्ये कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. त्यांनी कळवलं नाही. दूर्वांमुळे जागा गेली की नसतीच मिळाली, हे मला आजही ठाऊक नाही, आणि विचारायचं धैर्य तेव्हा झालं नाही. ती आणखी दोन वर्षं ट्रे धूत राहिली. शनिवारी दुपारी आम्ही लेबलं लिहीत राहिलो. त्या प्रसंगानंतरचा पहिला शनिवार आला तेव्हा मी खोलीतून बाहेरच आले नव्हते. तिनं खालून हाक मारली, "अनघा, शाई वाळते आहे," आणि मी गेले. मग तिची आई आजारी पडली आणि ती पोलंडला परत गेली. जाताना अठरा गठ्ठे गवतं तिनं त्या वनस्पतिसंग्रहाला देऊन टाकली. फुकट दिलेलं त्यांनी आनंदानं घेतलं. दर ख्रिसमसला तिच्याकडून पापडासारखी पातळ, नक्षीची एक वडी टपालानं यायची. त्यांच्याकडे ती घरात सगळ्यांनी मोडून वाटून खातात. आई ती देवापुढे ठेवून मग वाटायची. चार वर्षांपूर्वी वडी आली नाही. तिच्या मुलीचं पत्र आलं.

भिंतीमागच्या दूर्वा पुढच्याच कडक थंडीत गेल्या. आई म्हणते, काम झालं, गेल्या.

मागच्या वर्षी मी पत्र पाठवून त्या संग्रहात गेले. आत्मकथन लिहायला घेतलं तेव्हा आईनं ऐकवलं होतं, "चाळिशी नाही आली आणि आत्मचरित्र?" मग म्हणाली, "लिहिणारच असशील तर आधी तो कागद बघून ये." तिथल्या तरुण बाईनं एका लांब कपाटातून फोल्डर काढून टेबलावर ठेवलं आणि फक्त कडेला धरा म्हणून सांगितलं. गवत तपकिरी झालं होतं, पण चिमणीचा पाय तसाच होता. पहिलं लेबल होतं, ठिपक्यासह. आपसूक आलेलं. शेजारी दुसरं: सातारा, भावाचं अंगण, सुनंदा, पर्स, संकोच. स्पेलिंग नीट होतं.

दुसऱ्याच्या खाली तिसरं होतं. ते मी लिहिलेलं नव्हतं. मावशीचं अक्षर, न वाचता येणारं. त्या बाईनं भिंग दिलं तरी मला वेळ लागला. तारीख ती आयर्लंड सोडून गेली त्या आठवड्यातली होती. दोनच ओळी होत्या.

"पहिलं लेबल चूक, दुसरं बरोबर. दोन्ही एकाच मुलीनं लिहिली आहेत. विश्वासार्ह."